कंसातला हशा

ऐका हो ऐका! भोर गावातले तमाम गाडीवान, मोटारवान, हमाल, पाणके, बैल, म्हशी, तसेच रस्त्याच्या मधोमध उभे राहून गप्पा मारण्याचा वंशपरंपरागत हक्क बजावणारे प्रतिष्ठित नागरिक, या सर्वांस या जाहीरनाम्याने कळविण्यात येते की, रहदारी सल्लागार कमिटीतील डावीकडून तिसरी खुर्ची रिकामी झाली आहे. सबब पुढील हुकूम होईपर्यंत सर्वांनी सावकाश चालावे. चुकीच्या बाजूने जाणाऱ्यास ‘आरं, तू शाना का तुजी बैलं शानी?’ असे विचारणारा इसम आता उरलेला नसल्याने, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

तात्याबा, कसा वाटला? परवा तुमचं तेरावं आटोपून मार्गासनीहून परतताना गाडीतच रचला. मोठ्यानं म्हणून पाहिला, तर तुमच्या थोरल्याची बैलं दचकून उभी राहिली आणि तो म्हणाला, “मास्तर, बैलांस्नी दवंडी कळत न्हाई.” अगदी तुमचाच सूर. पुढचे दोन कोस मी गप्प बसलो. मी दोन कोस गप्प बसलो, हे तुम्ही ऐकलं असतंत तर खोटंच मानलं असतंत.

मला बोलायचं आहे ते खुर्चीबद्दल नाही, हौदाबद्दल. तो विषय आपल्यात आठ वर्षं अर्धा पडून राहिला. तुम्हाला त्यातलं सगळं ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून सांगणार, कारण मधूनच गोष्ट सांगायला मला येत नाही आणि मध्येच तोडायला आता तुम्ही नाही.

आपली कमिटी कशी निघाली आठवतं? गावात शिरताना तो उतार, उताराच्या पोटाशी ते आंधळं वळण, आणि वळणावर दगडी हौद. वेल्ह्याकडच्या, म्हणजे तुमच्या मार्गासनीच्या बाजूच्या, गाड्या बाजारच्या दिवशी आंबेमोहराची पोती घेऊन उतार उतरायच्या, आणि त्याच उतारानं शेठची सर्व्हिस मोटार भोंगा वाजवत वर चढायची. एका बाजारी तिनं कुंभाराची गाडी घासली. माणूस वाचला, मडकी मात्र गडगडत गेली ती थेट बाजारात. त्या दिवशी बाजारात सगळ्यांत आधी पोचलेला माल तोच. मग वरच्या कचेरीतून कागद आला, की गावातल्या जाणत्यांची कमिटी नेमा आणि रहदारीबद्दल सल्ला द्या. नुसता सल्ला. तो ऐकायचा की नाही ते कचेरी बघणार.

रावसाहेब अध्यक्ष, कारण ते पेन्शनर होते आणि त्यांच्यासमोर कुणी खोकतसुद्धा नसे. शेठ मोटारीचे मालक म्हणून. डॉक्टर होते, ते अपघात झाल्याशिवाय सभेला येत नसत. गाडीवानांतर्फे तुम्ही. आणि शाळेतला चित्रकलेचा मास्तर, म्हणजे अस्मादिक, चिटणीस. अक्षर वळणदार आणि तरुणपणी नाटकात नायिका केलेल्या, त्यामुळे वाचून दाखवताना आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. सभा माझ्याच वर्गात. भिंतीवर मुलांनी काढलेली पपईची चित्रं आणि त्यांच्याखाली आपण पाच जण, गावाचा जीव वाचवायला बसलेले.

पहिला ठराव एका दमात झाला. सर्व वाहनांनी आपापल्या डाव्या बाजूनं चालावं. दुसरा ठराव, तशा पाट्या लावाव्यात. तिथून पुढं पाटी मोडीत लिहावी की बाळबोधात, यावर तीन सभा गेल्या. रावसाहेबांना मोडी हवी होती, कारण सरकारी कामाला तीच शोभते. शेठना बाळबोध, कारण त्यांच्या ड्रायव्हरला मोडी येत नव्हती. तिसऱ्या सभेला तुम्हाला विचारलं, तर तुम्ही मुंडासं काढून मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, “कशातबी लिवा. बैलाला दोनी सारकंच.”

पाट्या मीच रंगवल्या. तांबड्या अक्षरांत, बाळबोध. त्या लागल्या आणि काही म्हणजे काही बदललं नाही. गाड्या उतारभर डावीकडून शहाण्यासारख्या यायच्या आणि वळणावर आल्या की आख्खा रस्ता तिरपा कापून उजवीकडं जायच्या, समोरून येणाऱ्या मोटारीच्या नेमक्या तोंडात. शेठ म्हणायचे, गाडीवान मुद्दाम करतात. रावसाहेब म्हणायचे, दंड करा. मलाही वाटायचं, काय ही अडाणी माणसं!

तेव्हा तुम्ही मला मार्गासनीला जेवायला बोलावलंत. पार्वतीवहिनींनी तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी वाढली, ती मी माणसानं खावी त्याच्या दुप्पट खाल्ली. मग तुम्ही मला भोरला सोडायला गाडी जुंपलीत, मला कडब्यावर आडवं केलंत आणि शेजारी स्वतः आडवे झालात.

“अहो, हाकणार कोण?” मी विचारलं.

“तुमी डोळं मिटा की.”

डोळे उघडले तेव्हा गाडी थांबली होती. उठून बघतो, तर आपण वळणावरच्या हौदाशी, रस्त्याच्या उजव्या अंगाला, माझ्या तांबड्या पाटीकडं पाठ करून उभे. बैल पाणी पीत होते. कासऱ्याला कुणी हात लावलेला नव्हता.

“बघितलं न्हवं?” तुम्ही म्हणालात. “निम्मे गाडीवान हितवर निजूनच येत्यात. पहाटं निगाल्यालं असत्यात. जित्राप पाटी बघत न्हाई मास्तर, पानी बघतंय. दहा वर्सं ह्या हौदावर प्यालंय. तुमचा कायदा डाव्या अंगाला आन पानी उजव्या अंगाला. मग जनावरानं कुनाचं ऐकावं?”

इतका साधा हिशेब आणि तीन सभा आम्ही लिपीवर भांडलो! “सभेत मांडा,” मी म्हणालो. “मी पाठीशी आहे.”

हे शेवटचं वाक्य मी म्हणालो होतो, तात्याबा. तुम्ही कधी त्याची आठवण दिली नाहीत. मीच देतोय.

सभेत तुम्ही उठलात आणि म्हणालात, “हौद हलवा. डाव्या अंगाला घ्या. मंग पाटीबी नगं आन दंडबी नगं.”

दारातल्या शिपायानं आधी रावसाहेबांकडं पाहिलं. कारण तो हौद रावसाहेबांच्या वडिलांचा. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेला, शिळेवर त्यांचं नाव, दरवर्षी श्राद्धाच्या दिवशी रावसाहेब स्वतः तिथं फुलं वाहत. हौदाच्या कठड्यावर टेकला म्हणून त्यांनी एका पट्टेवाल्याला सगळ्यांदेखत झापलेलं मी पाहिलं होतं. रावसाहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मान वर केली नाही. शेठ खिडकीबाहेर बघायला लागले. तुम्ही उभेच. आणि तुम्ही माझ्याकडं पाहिलंत.

मी पाठीशी होतो ना! मी काय केलं? मला ती शांतता सोसवेना. रंगभूमीवर कुणी वाक्य विसरला की मी पटकन काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो, तशी जीभ सुटली. मी म्हणालो, “तात्याबा, आज हौद हलवताय, उद्या नीरा नदी उचलून डावीकडं ठेवा म्हणाल!”

शेठ आधी हसले. मग रावसाहेब हसले, आणि ते हसले म्हटल्यावर दारातला शिपाईसुद्धा हसला. केवढी सुटका झाली सगळ्यांची! तुम्ही हसला नाहीत. मुंडासं डोक्यावर ठेवलंत आणि बसलात.

आता माझी इतिवृत्तं कशी असत ते गावाला माहीत आहे. लोक खास ऐकायला येत. (टाळ्या.) (खेदाचे उद्गार.) (शेठजी संतापाने उठतात व पुन्हा बसतात.) त्या दिवशीचं मी घरी जाऊन लिहिलं. तुमचं वाक्य लिहायला घेतलं आणि थांबलो. हे कागदावर आलं तर वरच्या कचेरीत जाणार, कचेरी रावसाहेबांना विचारणार, रावसाहेब मला विचारणार. मी वाक्य गाळलं. पुढच्या ओळीत कंस केला आणि त्यात लिहिलं, (हशा).

पुढच्या सभेत ते वाचलं. सह्या झाल्या. बाहेर पडताना तुम्ही मला गाठलंत.

“मास्तर, हसलं त्ये लिवलंसा. कशाला हसलं त्ये न्हाई लिवलं.”

“आता सह्या झाल्या, तात्याबा. कायम झालेल्या इतिवृत्तात दुरुस्ती नसते.”

“मानसात हुती दुरुस्ती, कागदात न्हाई व्हय?” तुम्ही म्हणालात आणि माझ्या पाठीवर थाप मारलीत. थाप जरा जोरात होती. तेव्हा मी ती प्रेमाची धरली.

त्यानंतर पंधरा दिवसांत एका गाडीचं चाक मोटारीनं मोडलं. शेठनी लेखी सूचना आणली: बाजारच्या दिवशी बैलगाड्यांना उतारावर मनाई करावी, गाड्यांनी वरच्या माळावर थांबावं आणि माल डोक्यावरून बाजारात न्यावा. डोक्यावरून म्हणजे कुणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. आपल्याला ठाऊक होतं. तो उतार डोक्यावर पोतं घेऊन उतरायचा आणि पुन्हा चढायचा, तो वेल्ह्याच्या बायकांनी. तुमच्या पार्वतीवहिनींनी, तुमच्या सुनांनी. कचेरीतले मोठे साहेब स्वतः सभेला आले. म्हणाले, “येत्या बाजारी मी शेठच्या मोटारीतून उतार चढेन. एक जरी गाडी चुकीच्या बाजूला दिसली, तरी मनाईवर सही करीन.”

तुम्ही हात जोडलेत. “आठ दिस मिळालं, लई झालं सायेब.”

त्या आठ दिवसांत तुम्ही जे केलंत ते कशासाठी, हे त्या वेळी मला आणि तुमच्या गाडीवानांनाच माहीत. भोंगवलीच्या कुणा पाहुण्याकडून गुऱ्हाळाची जुनी काहील आणलीत. उसाचा रस आटवायची लोखंडी काहील, चार माणसं आत बसतील एवढी. ती वळणावर डाव्या अंगाला जमिनीत रुतवलीत. नदीवरून पाणी आणून भरलीत आणि त्यात पेंड कालवलीत. नुसतं पाणी कुठं आणि पेंडीचं पाणी कुठं! जी गाडी येईल तिच्या बैलांना तुम्ही स्वतः वेसण धरून डावीकडं वळवत होतात. पहिल्या दिवशी ओढून न्यावं लागलं. चौथ्या दिवशी नुसतं बोट दाखवावं लागलं. सातव्या दिवशी तुम्ही लांब उभे राहिलात, हात पाठीशी बांधून, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक जोडी आपणहून डावीकडं गेली. तुम्ही माझ्याकडं बघून भुवया उडवल्यात. नाटकात एवढा आनंद मला टाळ्यांनीही झाला नव्हता.

“आता येकच काम तुमचं,” तुम्ही म्हणालात. “परीक्षेच्या दिसापुरता त्यो हौद रिकामा करून मिळू द्या. पानीच नसलं तर जुनी खोड सुटंल. आपल्या बैलांचं न्हाई भ्या. पर कुनी नवं आलं तर? रावसायबांस्नी तुमी इचारा. माझं तोंड नगं.”

मी रावसाहेबांच्या ओसरीवर तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यांनी चहा पाजला. पहिल्या वेळी आम्ही नव्या नाटकाबद्दल बोललो, दुसऱ्या वेळी त्यांच्या गुडघ्याबद्दल. तिसऱ्या वेळी ते हौदाच्या शिळेची अक्षरं पुसट झालीत, तुम्ही रंगवून द्याल का, असं म्हणाले. मी हो म्हणालो आणि घरी आलो.

आदल्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकाशी उभे होतात. “इचारलं का?”

“विचारलं,” मी म्हणालो. “बघू म्हणाले.”

आठ वर्षं, तात्याबा. ‘नाही विचारलं’ एवढे दोन शब्द गिळून मी आठ वर्षं तुमच्या घरची आमटी भुरकली.

बाजारचा दिवस उजाडला. मोटारीत पुढं साहेब आणि ड्रायव्हर, मागं शेठ, रावसाहेब आणि मांडीवर इतिवृत्ताची वही घेऊन मी. मोटार उताराच्या पायथ्याशी उभी. वळणावर गाड्यांच्या डावीकडं काहील, उजवीकडं हौद, हौद काठोकाठ भरलेला. तो मला मोटारीतूनही चमकताना दिसत होता. काहिलीशी तुम्ही. तुमची नजर एकदा हौदाकडं गेली, मग मोटारीकडं. मी वहीत तोंड घातलं.

पहिली गाडी आली. बैलांनी माना वळवल्या, क्षणभर अडखळले, डावीकडं गेले. दुसरी गेली. तिसऱ्या गाडीचा उजवा बैल हौदाकडं बघून थांबला. पेंडीचा वास लागला असावा, वळला. दहा झाल्या, पंधरा झाल्या. शेठ घड्याळ काढून पुन्हा ठेवत होते. साहेब म्हणाले, “वा! शिस्त आहे की!” रावसाहेबांनी अभिमानानं माझ्याकडं पाहिलं, जणू पाट्या त्यांनीच रंगवल्या होत्या. साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली आणि मोटार उतार चढू लागली.

आणि वळणावरून ती गाडी आली.

तुमच्यातली नव्हती. पासलीची होती. पासलीचे लोक भात झोडून झाल्यावर वर्षातून दोनदा बाजारला येणार. त्यांना तुमचे आठ दिवस कुठून कळावेत? पोत्यांवर एक म्हातारा तोंडावर मुंडासं ओढून गाढ झोपलेला. कासरा सैल. बैलांना हौद दिसला, त्यांनी मान उजवीकडं टाकली आणि उताराच्या वेगानं निघाले, सरळ आमच्या अंगावर.

शेठ किंचाळले. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पण उतारावरच्या गिट्टीवर चाकं घसरली आणि मोटार थोडी पुढं सरकलीच. मी काय केलं, तर वही छातीशी धरली. तुम्ही धावलात. मला वाटलं तुम्ही म्हाताऱ्याला उठवणार. तुम्ही बैलांच्या पुढ्यात शिरलात, एका हातानं वेसण धरलीत आणि जुवाच्या टोकाला खांदा लावलात. सगळी गाडी, पोती, म्हातारा, दोन बैल, एवढं ओझं तुमच्या उजव्या खांद्यावर आलं. काड् असा आवाज झाला. मला वाटलं जू मोडलं.

सगळं थांबलं. मोटारीचा दिवा आणि बैलाचं शिंग यांच्यात वीतभर अंतर होतं. गाडी रस्त्याच्या नेमकी मधोमध. म्हातारा उठून बसला, चहूकडं बघितलं आणि म्हणाला, “आलं का भोर?”

कुणी हसलं नाही.

साहेब खाली उतरले. पांढरेफटक पडले होते, पण आवाज शांत. “ही गाडी उजव्या बाजूला गेली की नाही?”

“गेली,” शेठ म्हणाले. “सगळ्यांनी बघितलंय.”

तुम्ही जुवाला टेकून उभे होतात. हात लोंबत होता, घामानं चेहरा ओला. म्हणालात, “गाडी न्हाई गेली, सायेब. बैलं निगाली हुती. कमिटीचा ठराव त्यांस्नी कुनी वाचून न्हाई दावला.”

तेव्हा रावसाहेब उतरले. गुडघ्याचं दुखणं विसरून ते हौदापर्यंत गेले, वाकले, आणि तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा स्वतःच्या हातानं उपसला. वडिलांच्या हौदाचं पाणी रस्ताभर पसरलं. ओल्या धोतरानं ते परत आले. “साहेब, गाड्यांचा दोष नाही. कमिटीचा सल्ला असा आहे, की हा हौद डाव्या अंगाला हलवावा. खर्चासकट मी हलवतो.” मग ते तुमच्याकडं वळले. “अहो, मला आधी कुणी का नाही विचारलं? आजच्यापुरता रिकामा करा म्हणाला असतात, तर केला असता!”

तुम्ही हळूच मान फिरवलीत आणि माझ्याकडं पाहिलंत. किती वेळ पाहिलंत? मला तो वेळ अजून मोजता येत नाही. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

“इसरलो म्या, रावसायेब,” तुम्ही म्हणालात. “माझंच चुकलं.”

मनाई झाली नाही. महिन्याभरात हौदाचा एकेक दगड सुटला आणि रस्त्यापलीकडं बसला. शिळा वाजतगाजत नेली. शिळेची अक्षरं मी रंगवून दिली. वेल्ह्याच्या बायकांच्या डोक्यावर पोतं आलं नाही. आणि वहीत मी वळणदार अक्षरात लिहिलं: ‘हौद हलविण्याची सूचना अध्यक्षांनी मांडली, ती सर्वानुमते मंजूर झाली. (टाळ्या.)’ हाडवैद्यानं बांधलेला हात गळ्यात अडकवून तुम्ही त्या सभेला हजर होतात. तुम्हीसुद्धा टाळ्या वाजवल्यात, डाव्या हातानं मांडीवर. तुमचा उजवा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. मुंडासं वहिनी बांधून द्यायच्या.

बोळ्याचं, चहाचं, ‘बघू म्हणाले’चं तुम्ही पुन्हा नाव काढलं नाहीत. मला मात्र भेटलात की एकच, “मास्तर, तेवढं लिवा की.” मी म्हणायचो, हो हो, लिहितो. दर वेळी मला वाटायचं, तुम्ही त्या हशाबद्दल बोलताय. आता वाटतं, तुम्ही मला दार उघडं ठेवत होतात. कंसातून आत शिरलो असतो, तर पुढचंही बोलून गेलो असतो.

मागच्या महिन्यात तुमच्या उशाशी येऊन बसलो, ते खरं बोलायलाच. वाटेत चार वेळा घोकलं होतं. तुम्ही डोळे उघडलेत आणि मी सुरू झालो, ते शेठच्या मोटारीबद्दल! लढाईमुळं पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर चालते, उतारावर तिला दमा होतो, उतारू खाली उतरून ढकलतात, आणि तुमच्या गाड्या तिला मागं टाकून डाव्या अंगानं ऐटीत जातात, असं सगळं अभिनयासकट. मोटारीचा खोकला काढून दाखवला. तुम्ही हसलात, हसता हसता खरंच खोकलात. वहिनी पाणी घेऊन आल्या. निघताना तुम्ही डावा हात उचललात. मी म्हणालो, “लिहितो, लिहितो.” तुम्ही काही बोललाच नव्हतात.

काल दुखवट्याची सभा झाली. तोच वर्ग, तीच पपई, नव्या मुलांनी काढलेली. रावसाहेब आता काठी टेकत येतात. पार्वतीवहिनींना ठरावाची प्रत द्यायची म्हणून बोलावलं होतं. खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही, दाराशी डोक्यावर पदर घेऊन बसल्या. मी ठराव वाचला. ‘कमिटीचे ज्येष्ठ सभासद’ इथपर्यंत आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. पुढं गेला नाही. मी जुनी वही काढली आणि ते पान उघडलं.

म्हणालो, “इथं कंसात हशा लिहिला आहे. हौद हलवा, ही सूचना तात्याबांची होती. ती मी गाळली. हशा मी पिकवला. आणि हौद रिकामा करायला मी रावसाहेबांना विचारलंच नव्हतं. विचारलं म्हणून तात्याबांना खोटं सांगितलं. त्यांचा खांदा माझ्यापायी गेला.”

नाटकातसुद्धा एवढी लांब शांतता मी ऐकली नव्हती. या वेळी ती मोडायला मी काही बोललो नाही. एवढं तरी मला आलं, तात्याबा.

रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. मग, सवय कुठं जाते, म्हणाले, “दुरुस्ती योग्य आहे. पण कायम झालेल्या इतिवृत्तात...” डॉक्टर, जे आयुष्यात प्रथमच अपघाताशिवाय आले होते, म्हणाले, “टीप जोडता येईल.” शेठ म्हणाले, “दुखवट्याच्या सभेत दुसरा विषय घेता येतो का? आधी सूचना हवी.” “अनुमोदकही लागेल.” “कचेरीला विचारावं.” तिघंही डोळे पुसत होते आणि तिघंही नियम सांगत होते. मी लेखणी हातात धरून उभा, अध्यक्षांच्या परवानगीची वाट बघत, आठ वर्षांपूर्वीसारखाच.

आणि दाराशी बसलेल्या पार्वतीवहिनी ताडकन उठल्या. डोक्यावरचा पदर घसरला तरी त्यांना भान नव्हतं. सगळ्या कमिटीदेखत त्या माझ्यावर ओरडल्या:

“मंग लिवा की आता, मास्तर! का आजूनबी हसूच येतंय?”